अनेरच्या अलीकडे

पंक्चर काही विशेष नसतं.
चोपड्यापासून दोन झाली होती,
दोन्ही बाभळीची.
सायकल उलटी, हँडल मातीत,
ट्यूब ओठांजवळ फिरवत नेली.
पाणी प्यायला असतं, बुडबुडे बघायला नाही,
आणि ओठांना कळतं फुंकर कुठून येते ते.
घासायचं, सोल्युशन लावायचं,
मग थांबायचं.
हे थांबणं मला सगळ्यात उशिरा जमलं.
ओल्यावर चिकटवलेला तुकडा
दहा किलोमीटरांत सुटतो.

थांबलं की माणसं जमतात.
"एकलीच शे?"
हो.
"मानूस कथा शे?"
मागून येतोय, असं हातेडला सांगून टाकलं
आणि पुढचे पाच किलोमीटर
वळून वळून बघत राहिले,
खरंच कुणी येत असल्यासारखं.

गलंगीच्या पुढे मात्र फुटकी बाटली.
टायरची कूसच फाटली, करंगळी जाईल एवढी,
आणि आतली ट्यूब
बेडकाच्या गळ्यासारखी फुगून बाहेर.
याला ठिगळ नसतं.
पिशवीत साखळीची कडी होती, ब्रेकची तार होती,
दोन आरे, पाने, सुईदोरासुद्धा.
दहाची नोट चार घड्या करून आत सरकवली.
नोट चारशे पावलं चालली.

मग ढकलत निघाले.
दादर कणसात आलेली, तिच्यापलीकडे केळी,
ऊन उतरलं तशी
केळीतून गार वाफ रस्त्यावर यायला लागली.

मोटारीच्या खोलीशी रुमसिंग पावरा
शेकोटीला पाचट घालत होता.
त्यानं टायर बघितलं, मला नाही.
आत बोट फिरवलं, हुं म्हणाला,
बांधावरून ठिबकची जुनी नळी आणली,
विळ्यानं चिरली, दगडानं चपटी केली,
कडा फरशीवर घासून मऊ केल्या
आणि जखमेमागे बसवली.
"चाली जाई."
एवढंच.
एकलीच का, हे विचारलंच नाही.
तेच मला जरा खटकलं.

ओट्यावर ताडपत्री अंथरली.
मच्छरदाणीचं एक टोक खिडकीच्या गजाला,
एक सायकलच्या सीटला.
दोन विटांमध्ये काटक्या, टोपात खिचडी, खाली लागलेली.
त्यानं कळण्याची अर्धी भाकर आणून ठेवली
आणि जाताना म्हणाला,
"बूट झटकी लेजो, इच्चू ऱ्हातस."
होते नव्हते ते सगळे कपडे चढवून झोपले.
हवेचा पंप उशाशी.
लोखंडी आहे, जड आहे,
हवा भरायलाच नेते असं नाही.

बाराच्या पुढे लाईट आली.
भिंतीपलीकडे मोटार घरघरली,
आणि जाळीच्या बाहेर पाय.
बॅटरीचा उजेड खाली धरलेला.
"बाई,
पंप दिशी का?"

हात पंपावरच होता माझा.
पकड किती घट्ट होती
ते सोडताना कळलं.

कोपऱ्यातल्या चार झाडांच्या नळ्या
क्षारानं तुंबल्या होत्या.
रोज तोंडानं फुंकतो, म्हणाला,
आज तुझं यंत्र शे.
मी बॅटरी धरली, त्यानं पंप मारला,
पहिल्यांदा पांढरा चिखल,
मग थेंब.
मग थेंबामागून थेंब.
अंधारात आम्ही दोघं उकिडवे
चार केळींच्या बुंध्याशी,
पाणी मोजत.

सकाळी तो नव्हता. पंप ओट्यावर होता,
फडक्यानं पुसलेला.
बूट झटकले. काही नव्हतं.

टायर चाललं.
फक्त त्या जागी फुगवटा,
प्रत्येक फेऱ्याला एक ठप्प.
अनेरच्या पुलावर ठप्प,
शिरपूरपर्यंत ठप्प.
तिथे दुकान उघडं होतं,
नवं टायर काचेत लटकत होतं.
मी फक्त चहा घेतला,
हवा जरा कमी केली,
आणि दुकानदारानं विचारलं, मॅडम एकट्याच?
तेव्हा मागे वळून न बघता
हो म्हटलं.