निम्मी पाटी

वाशीचं इस्पितळ, तिसरा मजला,
तीस मीटरचा बोळ, टोकांना दोन केशरी शंकू.
मधे चालतेय दिवाळ्याची नागूबाय,
छातीवर तारा,
कनवटीला तंबाखूऐवजी जिभेखालची गोळी.

तिचा जावई विचारतो, तुम्ही डॉक्टर? फिजिओ? जिमवाल्या?
तिन्ही वेळा मान हलवते मी.
माझ्या हुद्द्याची पाटी
अजून रंगाऱ्याकडेच आहे.

सहा मिनिटं झाली. थांबा.
किती दम लागला? सहा ते वीसमधला आकडा सांगा.

"आकरे नको इचारू, बाय.
पयले रिकामी पाटी व्हती,
आता अर्दी. म्हावऱ्याची."

नाडी एकशे आठ.
तक्त्यात तेरा लिहिते,
शेजारी, बारीक अक्षरात: निम्मी पाटी.

"मंगळवारी पाऊण पाटीपर्यंत जाऊ."

ती तारा सोडवू देते, मग विचारते,
"चिखलान का रस्त्याव?"