धरायला काहीतरी

पाच आठवडे झाले, टाकीत मासा नाही.
कार्मे जिन्यात अडवते,
"काय गं साबेला, काय पाळलंयस नक्की?"
पाणी, मी म्हणते. पाणी पाळलंय.
तिला वाटतं रात्रपाळीनं माझं डोकं फिरलंय.

पावभट्टीतून मी पहाटे चारला परतते,
केसांत पीठ, हातांत धग,
आणि कोट न काढता आधी टाकीपाशी जाते.
साठ लिटर. काळी वाळू. एक ओंडका,
ज्यानं पाण्याला फिकट चहाचा रंग दिलाय.
फिल्टरची घरघर.

काचेच्या नळीत पाणी, तीन थेंब,
बूच लावून हलवायचं, पांढऱ्या कागदासमोर धरायचं.
सोमवारी हिरवं: सात.
गुरुवारी पोपटी. रविवारी पिवळं,
सहा, किंवा त्याच्याही खाली,
तक्त्यावर त्याखाली रंगच नाही.

मग मी सोडा घातला. शीग लावून चमचाभर.
तासाभरात निळं. मी खूश.
शनिवारी निम्मं पाणी बदललं, आठवडाभरात पुन्हा पिवळं.
पुन्हा सोडा. पुन्हा निळं.
ज्या घरात मासाच नाही तिथं मी
कुणाला तरी जिन्यावरून वर-खाली पळवत होते.

एलादिओ आला तो नळ दुरुस्त करायला.
मोआन्याच्या खाडीत, शिंपल्यांच्या तराफ्यांवर
तीस वर्षं काढलेला माणूस. बोटं दोरखंडासारखी.
त्यानं पेटीतली दुसरी बाटली मागितली,
जी मी कधी उघडलीच नव्हती.
पहिला थेंब पडला आणि पाणी लगेच पिवळं.
"निळं राहायला हवं होतं," तो म्हणाला.
"आपलं पाणी ग्रॅनाइटवरून येतं. कंजूष दगड, काही देत नाही.
हे पाणी आंबट नाही गं, रिकामं आहे.
त्याला धरायला काही नाही,
म्हणून जो ढकलेल तिकडे जातं."

मला एकदम गेल्या वर्षीची मी दिसले:
बहीण म्हणाली बार्सेलोनाला ये, मी बॅग भरली.
मालक म्हणाला थांब, मी बॅग रिकामी केली.
पान्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दाराशी पिशवीभर कालवांची टरफलं.
उकळली, घासली, हातोडीनं फोडली,
जुन्या मोज्यात बांधून फिल्टरच्या तोंडाशी ठेवली.
एक मात्र अख्खं राखलं, तळहाताएवढं.
भट्टीतल्या काट्यावर तोललं: अठ्ठेचाळीस ग्रॅम.
तेही पाण्यात सोडलं.
आणि मग काहीच केलं नाही.
सगळ्यात अवघड तेच होतं.

टरफल घाई करत नाही.
पाणी आंबलं की थोडं झिजतं,
पाणी सावरलं की गप्प बसतं.
सात म्हणजे किती, त्याला ठाऊक नाही.
वाळूत न दिसणारे जीव वस्तीला येत होते,
मी मोजून घातलेला अमोनिया खात,
खाता खाता पाणी आंबवत,
माझ्या आंबवणाच्या बरणीत चालतं तसंच.
बरणीवर मी कधी चिडले नव्हते.

आठव्या आठवड्यात ती बाटली पुन्हा उघडली.
एक, दोन, तीन: निळंच.
चौथ्याला पिवळं.
सकाळी सात, संध्याकाळी सात आणि किंचित.
पुढच्या सकाळी तेच. त्याच्या पुढच्याही.
मी नळी घेऊन जिन्यात धावले.
"शी," कार्मे म्हणाली, "कुणाची लघवी ही?"

काल मासे आणले. सहा, मिशाळ, तळाशी चरणारे.
वाटीवाटीनं पाणी मिसळत दुपार गेली.

आज ते अख्खं टरफल काढून, सुकवून, कागदात गुंडाळून
भट्टीत नेलं. सत्तेचाळीस.
काटा जुना आहे, एखाद्या ग्रॅमनं चुकतोही.
कड मात्र बोटाला खडबडीत लागली.
मी ते पिठाच्या पोत्यांमागे उभी राहून
पुन्हा खिशात घातलं.
चारला घरी जाऊन परत ठेवायचं होतं.