धोटा

कादंबरी तिसऱ्या प्रकरणात अडकलीय.
गिरणीच्या जुन्या हजेरीपटात
साचाखात्यात एकही खोब्रागडे नाही.

पाचपावलीत डोमाजी कूलर माझ्याकडे वळवतात.
"सूत तुटलं का धोट्याले तोंड लावून ओढा लागे.
माह्या बापाचा ओठ कसा चालंन, बाई?
घरच्या मागावर तो लुगडे विने,
थे मात्र साऱ्याइच्या अंगाले चाले."

मग ट्रंकेतून काढतात
गिरणी भंगारात गेली तेव्हा
किलोवर घेतलेला धोटा.
"पाहा ओढून."

मी ओठ लावते.
सूत नाहीच.
तेलकट, खारट कापूसधूळ घशाशी येते.
खोकत मान वर करते,
तर डोमाजी दाराकडे बघतायत,
कुणी पाहिलं तर नाही ना.