दुसरा शब्द

मेण दिलं मी त्याला, अकरा हिवाळे.
शब्द दिला नाही.

माझ्या चाळीस पेट्या आहेत उश्बा शिखराच्या पायथ्याशी.
करड्या माश्या, थंडीला न बधणाऱ्या.
त्यांचं मेण वितळवायचं, दोरा बुडवायचा, उचलायचा,
वाळला की पुन्हा बुडवायचा.
करंगळीएवढी मेणबत्ती व्हायला
सव्वीस बुड्या लागतात. मोजल्यात मी.
मामाओ इओराम (आमच्याकडे पाद्रीबाबांना
मामाओ म्हणतात, म्हणजे बापा)
दर ईस्टरला जुडी घेताना विचारायचे,
"नाझिब्रोला, तू कधी येणार?"
माझं मेण येतं ना, मी म्हणायचे.

मुशनीला बर्फानं नेलं, तेव्हापासूनचं हे.
वरच्या कुरणातलं गवत आणायचं होतं.
तो जाणार नव्हता त्या दिवशी.
तारासीनं फाटकातून हाक मारली,
ऊन पडलंय, चल.
दोघंही मे महिन्यात सापडले.
तारासीच्या बायकोशी मी बोलत नाही.
तिचं घर लांब म्हणजे
एक कुंपण आणि एक ओढा.

या जानेवारीत रस्ता बुजला.
मामाओ खालच्या गावात अडकले, पाय मोडून.
गेगी किल्ली घेऊन आला, नऊ वर्षांचा,
वरच्या ओठावर शेंबूड गोठलेला.
"दिवा विझू द्यायचा नाही म्हणालेत.
मला तिथं भीती वाटते. तू जा."

गेले. दिव्यासाठी गेले,
त्याच्यासाठी नाही.
बुटकं दार. वाकावंच लागतं, मानी माणसालाही.
आणि आत माझ्याच घराचा वास!
अकरा वर्षांचं माझं मेण
भिंतींना लागलेलं, काजळी होऊन, ओघळ होऊन,
वाळूच्या तबकात थिजलेलं.
मी आले नव्हते असं मला वाटत होतं.

भिंतीवरच्या संताचा चेहरा झिजून गेलाय,
उचललेला हात तेवढा शाबूत.
दिव्यात तेल घातलं. निघायचं होतं.
पण थंडीनं गुडघे आखडले, म्हणून टेकले,
आणि टेकलेच आहे तर म्हणून
आईनं शिकवलेली ती प्रार्थना काढली.

पहिला शब्द बाप.
तो आला, खोकला येतो तसा, सवयीनं.
दुसरा शब्द आमचा.
तिथं जीभ अडली.

माझा असता तर म्हटला असता.
माझ्याशी भांडलेला, माझं लुटून नेलेला, पण माझा.
आमचा म्हणजे कुणाकुणाचा?
मुशनीचा. बरं.
गेगीचा. ठीक आहे.
पुढं एक नाव उभं होतं, फाटकापाशी,
खांद्यावर दोर घेऊन.

हिवाळ्यात मी पेटीला कान लावते.
आत माश्यांचा एक गोळा गुणगुणत असतो.
काठावरच्या हळूहळू आत सरकतात, आतल्या काठाला येतात,
कायमची थंडी कुणाच्याच वाट्याला नाही.
हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे.
माहीत असून काय झालं?

किती वेळ गेला कळलं नाही. दिवा फुरफुरला.
मग एवढंच सुचलं की
तारासीलाही ऊनच दिसलं होतं.
त्यानंही वर पाहिलं
आणि विश्वास ठेवला.

एक मेणबत्ती मुशनीसाठी लावली.
दुसरी लावताना हात थरथरला, बोट भाजलं.
आमचा, म्हटलं.
पुढचे शब्द आपोआप आले, भाकरीचे, ऋणाचे,
उतारावर घसरगाडी येते तसे.

काही दिसलं नाही. कुणी बोललं नाही.
पोट भरल्यावर ताट सरकवावं
तसं काहीतरी मी बाजूला सरकवलं.
इतकी भूक होती
हे जेवल्यावर कळलं.

येताना ओढा ओलांडला.
ख्वारामझेनं दार उघडलं. म्हातारी झालीय ती.
बराच वेळ पाहत राहिली.
"मीठ संपलं का?"
हो, म्हणाले मी.
घरात अर्धं पोतं मीठ होतं.
"बूट झाड आधी," ती म्हणाली,
आणि दारातून बाजूला झाली.