गरम पाण्याची तक्रार

मांद्र्याला आमच्या चार खोल्या.
परदेशी माणूस आला की चोवीस तासांत सी फॉर्म:
नाव, पासपोर्ट, कुठून आलात, पुढचा मुक्काम.
हलिनाबाईंनी शेवटचा रकाना कोरा ठेवला.
म्हटलं, पोलीस विचारतील, काहीतरी लिहा.
त्यांनी लिहिलं, 'समुद्र'.
मी ते खोडून 'मुंबई' केलं.

काळ्या समुद्राकाठी त्यांच्याही चारच खोल्या,
खाली मालक, वर पाहुणे,
माडांच्या जागी जर्दाळू.
दोन लॉजवाले भेटले की बोलतात तेच बोललो:
चादर किती धुण्यांत विरते,
वाळूनं मोरी तुंबू नये म्हणून काय करायचं,
टॉवेल पळवणारे कुठल्या देशाचे.
यावर आमचं एकमत झालं. सांगणार नाही.

जाताना म्हणाल्या, आता तुम्ही या.
कधी?
उन्हाळ्यात.
ते युद्धाचं पहिलं वर्ष.

दुसऱ्या वर्षी मीच म्हापशाला कायतानकडे गेलो.
त्याच्या पडद्यावर तो देश अख्खा लाल.
विमान नाही बाब, आणि विमाही नाही,
पोलंडला जा, तिथेही थंडीच आहे.

बाबा ओसरीवरून म्हणाले, एकसष्टला
आपलेही पूल उडवले होते जाताजाता,
आणि सात-आठ वर्षांत अनवाणी गोरे
कळंगुटच्या वाळूत लोळायला लागले.
हा हिशेब मी हौसेनं हलिनाबाईंना सांगितला.
त्यांनी विचारलं, तुमचं किती चाललं होतं?
दीड-दोन दिवस, म्हटलं,
आणि चहाचा कप बराच वेळ
तोंडाला लावून बसलो.

तिसऱ्या वर्षी मी विचारलं नाही.
सीझन संपत होता, शॅकवाले झावळ्या उतरवत होते,
जीवरक्षक लाल बावटा उपटून निघाला होता.
त्याच्याकडे बघत त्या आपणहून बोलल्या.
आमच्याकडेही असा मुलगा आहे.
तो पाण्याकडे पाठ करून बसतो.
माणसं त्याला वाळूपासून वाचवायची असतात,
वाळूत सुरुंग आहेत.

मग म्हणाल्या, सरकार सांगेल तेव्हा येऊ नका.
मंत्री फीत कापेल तेव्हाही नको.
किनाऱ्यावर कुत्रं धावत सुटेल
आणि कुणीच त्याला ओरडणार नाही,
तेव्हा फार तर बॅग माळ्यावरून काढा.
पण ज्या सकाळी एखादा पाहुणा
टॉवेल गुंडाळून, लालबुंद होऊन जिना उतरेल,
गरम पाणी नाही म्हणून माझ्याशी भांडेल,
आणि मला त्याचा राग येईल,
खरा राग, दिवसभर पुरेल असा,
त्या दिवशी मी फोन करीन.

कुंदा म्हणते, सावंतवाडीच्या पुढे कधी गेला नाहीत,
आणि निघाले युद्ध बघायला.
युद्ध नाही गं, खोल्या.
मग रिकाम्या हातांनी जाणार?
दर मे महिन्यात ती सोलं वाळवते,
एक बरणी बाजूला, वर चिठ्ठी: हलिनाबाई.
पुढच्या मेमध्ये नवी भरते,
जुनी आमच्या हुमणाला लागते.
तीन बरण्या आम्हीच खाल्ल्या.

यंदा त्या आल्या नाहीत.
मेसेजला एक निळी खूणही नाही.
तीन नंबरला नागपूरचा एक पोरगा आहे,
आज सकाळी तो टॉवेलवरच खाली आला:
काका, पैसे काय फुकटचे घेता?
पाणी बर्फासारखं आहे!
एरवी मी ऐकून घेणारा नव्हे.
पण त्याच्या ओल्या खांद्यांकडे, फेसाळ कानाकडे,
जिन्यावर उमटलेल्या पावलांकडे
नुसता बघत राहिलो.
तो आणखी चिडला.

गिझरवाल्याला फोन केला.
उद्या येतो म्हणाला.
उद्या म्हणजे म्हापशाचा उद्या.