चार हजारांपर्यंत

पेन्टीनं आधी रेडिएटरला हात लावला.
अंगावरची वीज उतरवूनच शिवायचं, म्हणाला.
कागदगिरणीत चाळीस वर्षं काटे आणि मापं सांभाळलेला माणूस.
माझं स्वयंपाकघरातलं टेबल दोनदा पुसून
त्यानं अमिगाचं झाकण उचललं.

आत धूळ होती, आणि एक राखाडी केस,
आमच्या मांजरीचा. ती सत्त्याण्णव सालीच गेली.
बाहेरून सगळं चहाच्या रंगाचं झालेलं;
स्टिकर होता तेवढाच चौकोन अजून पांढरा.

खिडकीबाहेर केमीचा मार्च. समुद्र गोठलेला,
आणि बर्फाला भोक पाडून कुणीतरी गळ टाकून बसलेलं,
सकाळपासून तसंच.

जुना प्रोसेसर लांबट, चौसष्ट पायांचा, गोमेसारखा.
एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला
पेन्टी तो इतक्या हळू उचकटत होता
की मी म्हटलं, दुधाचा दात आहे का?
तो हसला नाही.
पाय वाकला तर संपलं, एवढंच म्हणाला.

नवं कार्ड पोलंडहून आलं होतं,
पाठवणाऱ्यानं सोबत दोन चॉकलेटं घातलेली.
ते दाबून बसवताना जो ‘कट्ट’ आवाज झाला
त्यानं आम्ही दोघंही दचकलो.
सात होता, आता पन्नास,
पेन्टी म्हणाला, घोडा विकणाऱ्याच्या तोऱ्यात.

आणि खरंच. ज्या खिडक्या पूर्वी
पडदा सरकवल्यासारख्या उघडायच्या
त्या आता आधीपासून तिथेच असल्यासारख्या.
मला वाटलं होतं त्याहून कमी आनंद झाला.

मग ती डिस्केट. लेबलवर योउकोचं तिरकं अक्षर: राइलीला.

मी सहा वर्षांची होते, अक्षरं मला उशिरा लागली.
योउको पंधराचा. त्यानं माझ्यासाठी गोष्ट लिहिली,
पडद्यावर एका वेळी एकच ओळ,
आणि सौनातलं वाळूचं घड्याळ आणून
मला शेजारी बसवून मोजलं
मला एक ओळ वाचायला किती वेळ लागतो ते.
मग यंत्राला सांगितलं:
एकपासून चार हजारांपर्यंत मोज,
मोजताना दुसरं काही करू नकोस,
मग पुढची ओळ दाखव.

एक अस्वल हो नदीपाशी ये झोप समा
झालं. डोळ्याचं पातं लवायच्या आत
अस्वल निघालं, पोचलं, म्हातारं झालं.

सोपं आहे, पेन्टी चष्मा वर करत म्हणाला,
चार हजारांचे बत्तीस हजार कर.
नको.
एकच आकडा तर आहे.
तो आकडा माझा नाही, म्हटलं.

योउको गोथेनबर्गला असतो.
आईचं तळ्याकाठचं घर विकल्यापासून
नाताळचं कार्डसुद्धा त्याची बायको लिहिते.

पेन्टी काही बोलला नाही.
मागच्या बाजूला त्यानं एक बारीक बटण बसवलं होतं,
कधी लागलंच तर म्हणून.
ते खाली केलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा सात.

‘एक अस्वल होतं, त्याला कुठेही जायची घाई नव्हती.’

मी वाचलं. पूर्णविरामाला पोचले.
ओळ तशीच उभी.
मी परत वाचलं. ओळ तशीच.
पेन्टीचा चमचा कपात थांबलेला.
आणि यंत्र आपलं इमानदारीनं मोजतंय,
तीन हजार सातशे एक, तीन हजार सातशे दोन,
टोकदार नखाचं एक छोटं बोट
काचेवरून घसरत, अडखळत
‘नव्हती’पर्यंत येईल म्हणून.

मग दुसरी ओळ.

अजून किती आहेत? पेन्टीनं विचारलं.
आठवत नाही, म्हटलं.
त्यानं अंगात घातलेला कोट काढला
आणि परत खुंटीला लावला.