पेन्सिलीतले होकार

माझ्याकडे वही होती.
लेखी होकार शाईनं,
तोंडी होकार पेन्सिलीनं,
आणि "आपण तर जुने मित्र" म्हणणाऱ्यांपुढे
नुसता ठिपका.

आमचा देश एवढा लहान
की नकाशात त्याचं नाव समुद्रावर लिहावं लागतं.
राजदूत युडोराबाई रोज दोनदा जेवायच्या परक्या टेबलांवर,
मत हाती लागणार असेल तर तिसऱ्यांदा,
आणि रात्री ईस्ट रिव्हरच्या वाऱ्यात
उंच टाचांचे बूट हातात धरून
चालत यायच्या कचेरीत.
"लिही. त्यांना खाऱ्या पाण्याचा पंप हवाय.
ह्यांना मताला मत, मासेमारीच्या समितीवर.
म्हाताऱ्या तेकारींना काहीच नको,
त्यांच्या बेटाचं नाव तेवढं कुणी नीट उच्चारावं."

मी ते नाव आठवडाभर आरशापुढे घोकलं.

समोरच्या श्रीमंत देशानं छत्र्या वाटल्या.
जूनच्या एका दुपारी सर आली
आणि फर्स्ट ॲव्हेन्यूभर उघडले त्यांचेच रंग;
खाली आमचे शाईतले लोकसुद्धा,
कोरडे.

मतदानाच्या सकाळी वहीत एकशे त्रेचाळीस.
बाईंनी दहातला एक वजा केला,
"मासळीबरोबर बर्फाचं वजन येतंच" म्हणाल्या.
उरले एकशे एकोणतीस. लागणारही तेवढेच.

निघाले एकशे चोवीस.

एकोणीस माणसं त्या सभागृहात
माझ्याकडे बघून हसत होती.
बाकीचीही तशीच हसत होती.

दुसरी फेरी पुकारली.
रांगांमधून धावत मी तेकारींपाशी पोचलो,
धापा टाकत नाव उच्चारलं.
बहुधा चुकलोच.
त्यांनी माझ्या हातावर थोपटलं
आणि चिठ्ठीवर तळहाताचा आडोसा धरला,
वाऱ्यात काडी पेटवताना धरतात तसा.

एकशे एकतीस.
बाई खुर्चीतच बसून राहिल्या, बूट काढून.

जानेवारीपासून आम्ही त्या नालेच्या आकाराच्या टेबलाशी.
दोन वर्षं.
पाच जण असे बसतात
की खुर्ची त्यांच्याबरोबरच जन्मली असावी.
आमची नाही. मी रोज तिचं चाक तपासतो.

काल एक कोवळा पोरगा आला,
हातात जांभळ्या जॅमची बरणी,
काखेत जाड वही.
"पुढच्या निवडणुकीत आमच्या देशाला?"

"नक्की," मी म्हणालो,
आणि म्हणताना मला ते खरंही वाटलं.

त्यानं मान लववली,
पेनाला टोपण लावलं,
आणि खिशात पेन्सिल शोधू लागला.